शिकवणी चोख, बिल मात्र संपता संपत नाही

माझी लेक या बास्केटबॉल अकादमीत शिकते. शिकवणी एक नंबर, त्यात वादच नाही. शूटिंग मशीन चेंडू परत हातात देत राहतं, त्यामुळे चेंडूमागे पळण्यात वेळ जात नाही. कोच प्रत्येक शॉटला कोपर आत आहे का, मनगट शेवटपर्यंत वळतंय का, हे डोळ्यांत तेल घालून बघतात.

पण फी ही नुसती सुरुवात. बाहेरगावच्या स्पर्धा, फिजिओ, निवडकर्त्यांना पाठवायचा व्हिडिओ, सगळ्याचं बिल वेगळं. वर वाढत्या पायांचे बूट! लेकीच्या गटातली सगळ्यात चपळ पोरगी प्रवासखर्च झेपत नाही म्हणून स्पर्धांना येत नाही. निवडकर्ते मात्र तिथेच येतात.

अकादमीच्या भिंतीवर एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचा स्टार लेब्रॉन जेम्स आहे. एकट्या आईनं, घरं बदलत वाढवलेला. शेजारी स्टीफन करी. त्याचे वडील डेल करी एनबीएत १६ हंगाम खेळले. तिथलाच आणखी एक खेळाडू क्ले थॉम्पसन, त्याचे वडीलही एनबीएतलेच. माहितीपत्रकात गोष्ट फक्त लेब्रॉनची, आणि प्रवेश परवडणार करीसारख्या घरांना. (जाहिरात लिहिणारा हुशार आहे.)

पाचपैकी तीन तारे. शिष्यवृत्तीत प्रवासखर्च धरलात तर चौथा लगेच देते.