निळ्या डोळ्यांचं पांढरं पिल्लू आणि अंधेरीतलं एक पेट शॉप

अंधेरी पश्चिमेच्या एका पेट शॉपचा हा रिव्ह्यू आहे. दुकानाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तिथे जो ‘रेअर कलर’ विकतात तो मुंबईत इतरत्रही विकला जातो, आणि पिल्लू घ्यायला निघालेल्या प्रत्येकाने हे वाचावं अशी माझी इच्छा आहे. मी ऑडिओलॉजिस्ट आहे, लहान मुलांचे कान तपासणं हे माझं रोजचं काम. धाकट्या भावाला त्याच्या मुलीसाठी फ्रेंच बुलडॉग घ्यायचा होता. त्याने इन्स्टाग्रामवर या दुकानाचे व्हिडिओ पाहिले होते, म्हणून आम्ही तिघं गेलो.

चांगलं आधी सांगते. दुकान स्वच्छ आहे. एसी चालू होता, काचेच्या कप्प्यांत कोरडे पॅड होते, पाण्याच्या वाट्या भरलेल्या होत्या. काउंटरवरचा मुलगा नम्रपणे बोलत होता आणि पिल्लांना हात लावण्याआधी त्याने आमच्या हातावर सॅनिटायझर दिलं. लशींचं कार्ड आणि जंताच्या औषधाच्या तारखा त्याने न विचारता दाखवल्या.

भाव मात्र सगळे रंगावर लावलेले. फॉन म्हणजे बदामी ६५ हजार, ब्लू म्हणजे राखाडी ९० हजार, मर्ल म्हणजे ठिगळांचा रंग दीड लाखाच्या पुढे. फिकट जांभळट छटेच्या लायलॅक मर्लचा भाव “मालकांशी बोलून”. काचेवर रंगाचं नाव मोठ्या अक्षरांत. आई-बापाच्या तब्येतीबद्दल, नाकपुड्या किती उघड्या आहेत, श्वास कसा आहे, याबद्दल एक ओळही नाही. चपट्या नाकाच्या या कुत्र्यांना मुंबईचा मे महिना काय करतो हे ज्यांनी पाहिलं आहे त्यांना कळेल की खरी चौकशी तिथून सुरू व्हायला हवी होती.

मी पेपरबद्दल, म्हणजे पिल्लाच्या वंशाच्या नोंदणीच्या कागदांबद्दल विचारलं. ही नोंदणी करणारा केनेल क्लब ऑफ इंडिया चेन्नईहून चालतो आणि जातींच्या बाबतीत एफसीआय या आंतरराष्ट्रीय संघटनेचे निकष मानतो. त्या निकषांत फ्रेंच बुलडॉगचे मान्य रंग म्हणजे ब्रिंडल (गडद पट्ट्यांचा) आणि फॉन, पांढऱ्यासह किंवा पांढऱ्याशिवाय. ब्लू आणि मर्ल दोन्ही बाद. मग या पिल्लाला पेपर कसे मिळणार? “ताई, पेपरवर आपण फॉन टाकून देतो. सगळे तसंच करतात.” हे वाक्य त्याने इतक्या सहज उच्चारलं की भाऊ आणि मी एकमेकांकडे पाहतच राहिलो. कागदावर खोटा रंग लिहिला की त्या पिल्लाची पुढची पिढी जुळवणाऱ्याला मर्ल कुठे लपलंय ते कधीच कळणार नाही.

मर्ल म्हणजे राखाडी-निळसर अंगावर गडद ठिगळं, बहुतेकदा एखादा निळा डोळा. बॉर्डर कोली किंवा ऑस्ट्रेलियन शेफर्डसारख्या जातींत हा रंग जुना आहे. फ्रेंच बुलडॉगमध्ये तो नव्हता, दुसऱ्या जातीशी संकर करून आणला गेला. ज्या जनुकामुळे तो येतो त्याची एक प्रत असेल तर देखणी ठिगळं दिसतात आणि असं कुत्रं बहुतेकदा व्यवस्थित ऐकतं. आई-बाप दोघंही मर्ल असतील तर सरासरी चार पिल्लांतल्या एकाकडे दोन्ही प्रती जातात. असं पिल्लू बरंचसं पांढरं निघतं, कारण रंग तयार करणाऱ्या पेशीच त्याच्याकडे नीट पोचत नाहीत. आणि त्या पेशींचं काम कातडीपुरतं नसतं. आतल्या कानात, कॉक्लिया या शंखासारख्या नळीच्या भिंतीला, याच पेशी लागतात. त्या नसल्या की कानातलं क्षारांचं संतुलन बिघडतं आणि आवाज टिपणाऱ्या केसपेशी मरून जातात.

हे मला पुस्तकातून शिकावं लागलं नाही. वार्डेनबर्ग सिंड्रोमची मुलं माझ्याकडे येतात. त्यांच्यातही रंगपेशीच कमी पडलेल्या असतात. डोळे लख्ख निळे, कपाळावर कधी पांढरी बट, आणि काहींना दोन्ही कानांनी ऐकू येत नाही. आई सांगते, बारशाला सगळे म्हणत होते काय सुंदर डोळे आहेत पोरीचे. मग बेरा टेस्टचा, म्हणजे आवाज मेंदूपर्यंत पोचतो का ते मोजणाऱ्या तपासणीचा, कागद हातात येतो आणि ती त्या डोळ्यांकडेच बघत बसते. त्या बाळाच्या बाबतीत कुणी काही ठरवलेलं नसतं, निसर्गाने तसं घडवलेलं असतं. इथे मात्र माणसं ठरवून दोन मर्ल कुत्री एकत्र आणतात.

वरच्या कप्प्यात एक जवळजवळ पूर्ण पांढरं पिल्लू होतं. ‘स्नो मर्ल’ अशी पाटी. माझ्या भाचीने पहिल्यांदा त्यालाच हात केला. “आत्या, याचे डोळे बघ!” मी बघितले. दोन्ही निळे, उजवा डाव्यापेक्षा लहान, आणि डाव्याची बाहुली मध्यावर नसून खाली सरकलेली. बाजूच्या कप्प्यात कुणी भुंकलं की बाकीची पिल्लं माना वर करत होती. हे भावंडांची हालचाल दिसली की मगच उठत होतं.

मी त्याला एकट्याला सोफ्यावर ठेवायला सांगितलं. टाळी वाजवून काही कळत नाही, कारण हवेचा झोत आणि जमिनीची थरथर पिल्लाला जाणवते. ते पेंगायला लागल्यावर मागून, नजरेआड, किल्ल्यांचा जुडगा वाजवला. मग पिपाणीचं खेळणं. फॉन रंगाच्या पिल्लाने दोन्ही वेळा मान वळवली होती. हे हललं नाही. मी तळवा त्याच्या नाकासमोर नेला तेव्हा वासाने जागं झालं आणि सगळं अंग हलवून शेपूट हलवायला लागलं.

ही कच्ची तपासणी आहे, तिला निदान म्हणता येणार नाही. एकाच कानाने बहिरं असलेलं कुत्रं अशा चाचणीत हमखास सुटतं. कुत्र्यांचीही बेरा करता येते. तत्त्व तेच, कातडीखाली बारीक सुया लावून मेंदूपर्यंत गेलेला सिग्नल मोजायचा. २००९ साली अमेरिकेत लुइझियानाच्या जॉर्ज स्ट्रेन यांच्या गटाने १५३ मर्ल कुत्र्यांवर अशी चाचणी केली. एक प्रत असलेल्यांत साडेतीन टक्क्यांच्या आसपास कुत्री एका किंवा दोन्ही कानांनी बहिरी निघाली. दोन प्रती असलेल्यांत २५ टक्के: १० टक्के एका कानाने, १५ टक्के दोन्ही कानांनी.

दुकानातल्या मुलाला मी आई-बापाचे फोटो मागितले. त्याने मोबाइलवर लगेच दाखवले, अभिमानाने. दोघंही मर्ल. “म्हणून तर एवढा कलर आलाय.” पिल्लाला ऐकू येत नाही असं वाटतं, असं सांगितल्यावर म्हणाला, “लहान आहे, ४५ दिवसांचं. मोठं झालं की येईल.” हे खरं नाही. पिल्लांचे कान साधारण दोन आठवड्यांनी उघडतात, आणि रंगपेशींअभावी येणारं बहिरेपण पुढच्या काही आठवड्यांतच पक्कं होतं. ते परत फिरत नाही. ब्रिटनच्या केनेल क्लबने २०१३ पासून दोन मर्लच्या पिल्लांची नोंदणीच बंद केली आहे.

आणि ४५ दिवस? केंद्र सरकारच्या २०१७ च्या श्वानप्रजनन आणि विक्रीच्या नियमांत आठ आठवड्यांआधी पिल्लू विकायला बंदी आहे. २०१८ चे पेट शॉपचे नियम वेगळे आहेत, त्यांत राज्य प्राणी कल्याण मंडळाची नोंदणी लागते आणि प्रमाणपत्र दर्शनी भागात लावावं लागतं. भिंतीवर मला गणपतीची तसबीर दिसली, रेटकार्ड दिसलं, प्रमाणपत्र दिसलं नाही. विचारलं तर “रिन्यूअलला दिलंय”.

भाऊ बाहेर आल्यावर म्हणाला, “ताई, सगळ्या जाती माणसानेच बनवल्या ना? मग रंगावर एवढं काय?” प्रश्न चांगला आहे. रंग निवडणं म्हणजे आपोआप क्रौर्य, असं मी म्हणणार नाही. लॅब्रॅडॉर काळा, पिवळा, चॉकलेटी असतो आणि तिन्ही मान्य आहेत. पण ब्रिटनमधल्या ३३ हजारांवर लॅब्रॅडॉरच्या नोंदींचा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला, त्यात चॉकलेटी कुत्र्यांचं मध्यम आयुष्य १०.७ वर्षं आणि बाकीच्यांचं १२.१ वर्षं निघालं. कानाचे आणि कातडीचे आजारही चॉकलेटींत जास्त. हा रंग यायला दोन्हीकडून जनुक लागतं, त्यामुळे तोच हवा म्हटलं की जोड्या निवडायला कुत्री कमी उरतात. संशोधकांना हेच कारण असावं असं वाटतं. म्हणजे निरुपद्रवी रंगसुद्धा, तोच एक निकष झाला की, कुत्र्याला महाग पडू शकतो. याच दुकानात एक ‘सिल्व्हर लॅब’ होता. तो रंग फिकट करणाऱ्या जनुकाच्या दोन प्रतींमुळे येतो आणि अशा काही कुत्र्यांचे केस पुढे झडत जातात, कातडीला सारखा संसर्ग होतो. तेही पाटीवर नव्हतं.

हे खूळ फक्त परदेशी जातींचं आहे असंही समजू नका. आपला तामिळनाडूचा राजपालयम, २००५ साली ज्याचं टपाल तिकीट निघालं तो, दुधासारखा पांढरा आणि गुलाबी नाकाचा हवा असा आग्रह पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. त्या जातीत बहिरेपण आढळतं.

मला एक गोष्ट नीट सांगायची आहे, कारण माझं सगळं काम ऐकू न येणाऱ्या मुलांमध्ये आहे. बहिरं कुत्रं हे वाया गेलेलं कुत्रं नाही. ते खुणा शिकतं, माणसाच्या चेहऱ्यावर नजर ठेवून राहतं, भरपूर प्रेम करतं. माझा आक्षेप ते बहिरेपण जाणूनबुजून जन्माला घालण्याला आहे, त्यावर जास्त भाव लावण्याला आहे, आणि घेणाऱ्याला न सांगण्याला आहे. न सांगता नेलेलं असं पिल्लू हाकेला येत नाही म्हणून मार खातं. झोपेत अचानक हात लावला की दचकून चावतं, मग ‘हिंस्र’ ठरतं आणि एखाद्या रात्री रस्त्यावर सोडलं जातं. मुंबईच्या रस्त्यावर हॉर्न ऐकू न येणारं कुत्रं किती दिवस काढेल?

भाचीला तेच हवं होतं. मुलाने मालकांना फोन लावला आणि “डोळ्याचा इश्यू आहे तर ४० हजारांत घ्या” असं सांगितलं. माझे हात पर्सकडे गेले होते. पण ते चाळीस हजार त्याच दोन कुत्र्यांच्या पुढच्या मेटिंगला लागले असते, वरचा कप्पा पुन्हा भरला असता. आम्ही घेतलं नाही. भाची टॅक्सीत रडली आणि तिला समजावताना मलाही त्रास झाला. हा निर्णय बरोबर आहे असं मी मानते, पण त्या पिल्लासाठी तो बरोबर होता असं म्हणवत नाही.

पाचपैकी एक स्टार, तोही स्वच्छतेसाठी. राज्य प्राणी कल्याण मंडळाला मी फोटोंसह लिहिलं आहे. तुम्ही अशा कुठल्याही दुकानात गेलात तर आई-बाप दोघांचे फोटो मागा, दोघंही ठिगळांचे असतील तर मागे फिरा. पिल्लू एकटं असताना मागून किल्ल्या वाजवून बघा. आठ आठवडे पूर्ण झालेत का ते विचारा.

आणि या अंधेरीच्या दुकानातून ते पांढरं पिल्लू ज्यांनी नेलं असेल त्यांच्यासाठी: काउंटरवरच्या मुलाकडे माझं कार्ड आहे, ते मागून घ्या. त्याला झोपेतून उठवताना अंगाला हात लावू नका, आधी नाकासमोर तळवा धरा. मोकळं सोडू नका, पट्टा कायम ठेवा. ‘ये’ आणि ‘बस’च्या खुणा पहिल्या आठवड्यापासून सुरू करता येतात. मी येऊन शिकवीन, पैसे घेणार नाही.