काकडा कुठे लावला?

एका स्वस्त ट्रेकिंगच्या स्टोव्हमध्ये मी कशी फसले, हे लिहायला मी तीन महिने थांबले. तक्रारीचा काहीतरी निकाल लागेल आणि मग सगळं एकदमच सांगेन, असं मनात होतं. निकाल लागलेला नाही. पण गेल्या आठवड्यात आमच्या ट्रेकच्या ग्रुपवर एकाने स्वस्त स्टोव्हची जाहिरात टाकली, आणि त्यातला व्हिडिओ अगदी तोच निघाला, ज्यावर मी फसले होते. पानाचं नाव वेगळं, फोन नंबर वेगळा, व्हिडिओ तोच. म्हणून आता थांबत नाही.

सप्टेंबरात आम्ही चौघांनी ‘परांग ला’ हा हिमालयातल्या खिंडीचा ट्रेक करायचं ठरवलं होतं. स्पितीतल्या किब्बरहून निघायचं, सुमारे साडेपाच हजार मीटर उंचीची खिंड ओलांडायची आणि लडाखात त्सो मोरिरी तलावाच्या काठी करझोकला उतरायचं. खेचरं नाहीत, आचारी नाही, सगळं आपल्याच पाठीवर. सह्याद्रीत चौदा वर्षं हिंडताना मला स्क्रूवाल्या गॅस कॅनवर बसणारा छोटा बर्नर नेहमी पुरला आहे. हरिश्चंद्रगडावर डिसेंबरातल्या पहाटेसुद्धा तो कधी अडला नाही. तिकडची गोष्ट वेगळी. नुसता ब्युटेन कडाक्याच्या थंडीत नीट वायू होत नाही (समुद्रसपाटीवर उणे अर्ध्या अंशाखालीच तो थांबतो), आणि स्वस्तात मिळणाऱ्या लांबट कॅनमध्ये बहुतेक तोच असतो. पहाटे कॅन हलवला तर आत द्रव डुचमळतो, पण ज्योत धरत नाही. त्यात कॅन विमानात नेता येत नाही. रेल्वेत गॅस किंवा रॉकेल नेणं हा रेल्वे कायद्याच्या कलम 164 खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणजे इंधन तिथेच मिळवायचं. स्पितीतल्या काझा गावात पेट्रोल पंप आहे, रॉकेल मिळालं तर उत्तमच. शिवाय साडेचार हजार मीटरवर पाणी 85 अंशांच्या आसपासच उकळतं, डाळ-भाताला वेळ लागतो, त्यामुळे इंधनही जास्त जातं. या सगळ्यावर उत्तर एकच दिसत होतं, मल्टिफ्युएल म्हणजे वेगवेगळ्या इंधनांवर चालणारा स्टोव्ह.

नावाजलेल्या कंपन्यांचे असे स्टोव्ह आपल्याकडे पंधरा-वीस हजारांच्या घरात जातात. चौघांत वाटून घेतला तरी आमच्यातल्या दोघांना तो जड होता. म्हणून मी स्वस्त पर्याय शोधत होते, आणि शोधता शोधता जाहिरात समोर आली. गॅस, पेट्रोल, रॉकेल, डिझेल सगळ्यावर चालणारा, परदेशी बनावटीचा, बाटली आणि पंपासकट 4,200 रुपये. आधी 500 रुपये बुकिंग, बाकीचे पार्सल हातात आल्यावर.

मी डोळे मिटून पैसे दिले नाहीत, हे मुद्दाम सांगते. चार दिवस प्रश्न विचारत होते. रॉकेलवर खरंच चालतो का? तर विक्रेत्याने व्हिडिओ पाठवला. टेबलावर स्टोव्ह, शेजारी लाल इंधनाची बाटली, बाटलीवर रॉकेलचं लेबल. एक हात येतो, लायटर लावतो, चावी फिरवतो आणि दोन सेकंदांत स्वच्छ निळी ज्योत. मी तो व्हिडिओ निदान वीस वेळा पाहिला असेल. ज्योत किती स्थिर आहे, पातेलं ठेवायचे पाय किती रुंद आहेत, आवाज किती येतो. जे बघायला हवं होतं तेच दिसलं नाही.

पार्सल आलं ते पैसे दिल्याशिवाय उघडता येत नव्हतं. 3,700 रुपये दिले आणि उघडलं. दिसायला वस्तू देखणी होती. पितळी बर्नर, घडीचे पाय, पंप, बाटली आणि एका पुडीत तीन जेट, म्हणजे ज्यांच्या बारीक भोकातून इंधन सुटतं त्या तोट्या, त्यांच्यावर 0.45, 0.37 आणि 0.28 असे आकडे कोरलेले. आकडे पाहून माझा विश्वास उलट वाढला, कारण चांगल्या स्टोव्हबरोबरही असेच जेट येतात. मोठं भोक गॅससाठी, मधलं पेट्रोलसाठी, सगळ्यात बारीक रॉकेलसाठी. खोक्यावर आयात करणाऱ्याचं नाव, पत्ता, छापील किंमत, कुठल्या देशात बनला, यातलं काहीच नव्हतं. तेव्हा त्याचं काही वाटलं नाही.

रॉकेल मिळवण्यात दोन दिवस गेले. रविवारी सकाळी गच्चीवर गेले. आई तिथेच कुरडया उलटत होती. 0.28 चा जेट लावला, बाटली तीन चतुर्थांश भरली, वीसेक वेळा पंप मारला. बर्नरखालच्या वाटीत स्पिरिट ओतून पेटवलं, ते विझत आल्यावर चावी उघडली. पिवळा भडका दोन फूट वर गेला. काळा धूर, वर उडणारी काजळी, खाली थेंब थेंब गळणारं पेटतं रॉकेल. मी चावी बंद केली, पण ज्योत कमी होईना. पंपाच्या मानेतूनही रॉकेल पाझरत होतं आणि त्या ओलीवरून आग बाटलीकडे सरकत होती. दाबाखाली असलेली बाटली. तो क्षण आठवला की आजही पोटात गोळा येतो. आईने कुरडयांखालचं जाड कापड ओढलं, बादलीत बुडवलं आणि सगळ्यावर टाकलं. माझ्या उजव्या मनगटावर रुपयाएवढा फोड आला, तेवढ्यावर निभावलं.

संध्याकाळी मनगटाला मलम लावताना मी तिला तो व्हिडिओ दाखवला. यात तर नीट पेटतोय, माझंच काही चुकलं असेल, असं म्हणत होते. तिने एकदाच पाहिला आणि विचारलं, "ह्याने काकडा कुठे लावला?"

ज्यांनी पितळी स्टोव्ह पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगते. तारेच्या टोकाला चिंधी गुंडाळलेली असायची, तो काकडा. तो स्पिरिटमध्ये किंवा रॉकेलमध्ये बुडवून पेटवायचा आणि बर्नरच्या मानेला अडकवायचा. मान तापली की हवेची चावी बंद करून पंप मारायचा, मग स्टोव्ह सूं करून निळा पेटायचा. माझ्या आईने वीस वर्षं रोज दोन वेळा हे केलं आहे. रॉकेल द्रव रूपात निळं जळत नाही. तापलेल्या नळीतून जाताना त्याची वाफ व्हावी लागते, ती वाफ जेटच्या बारीक भोकातून जोरात सुटते, जाताना हवा ओढून घेते, आणि मगच निळी ज्योत. 1892 साली स्वीडनमध्ये फ्रान्स लिंडक्विस्टने काजळी न धरणारा प्रायमस स्टोव्ह केला तो याच तत्त्वावर, आणि आजचा सगळ्यात महागडा ट्रेकिंगचा स्टोव्हही याच तत्त्वावर चालतो. बर्नर थंड असेल तर मिनिट-दोन मिनिटं तापवल्यावाचून पंपाचा कुठलाही स्टोव्ह रॉकेलवर निळा पेटत नाही. दोन सेकंदांत निळा पेटतो तो गॅस. मग आम्ही दोघींनी व्हिडिओ थांबवून थांबवून पाहिला. बाटलीतून निघालेली नळी टेबलाच्या कडेपर्यंत जाते आणि तिथे चौकट संपते. चौदाव्या सेकंदाला हात हलतो तेव्हा खाली दुसऱ्या, पिवळ्या नळीचं टोक दिसतं. ती बर्नरकडे येते. लेबलवाली बाटली नुसती शेजारी ठेवलेली आहे.

विक्रेत्याला लिहिलं, तेव्हा त्याने भांडण केलं नाही. उलट खूप काळजीने बोलला. "मॅडम, तुम्हाला रॉकेलची किट वेगळी लागेल, आठशे पन्नास फक्त." आणि मी दिले. याची मला सगळ्यात जास्त चीड आहे, कारण व्हिडिओतली लबाडी कळल्यानंतर दिले. मनगट भाजलं होतं, 4,200 गेले होते, आणि ते वाया जाऊ नयेत म्हणून आणखी 850. ही माणसं त्याच घडीची वाट पाहत असतात. किट आली नाही. आठव्या दिवशी माझा नंबर ब्लॉक झाला.

मग स्टोव्ह घेऊन मी रविवार पेठेत शेगड्या दुरुस्त करणाऱ्या एका काकांकडे गेले. त्यांनी तिन्ही जेट तळहातावर घेतले. ते त्याला निपल म्हणतात. पेटीतून एक बारीक तार काढली आणि 0.45 च्या निपलमधून घातली, गेली. 0.37 च्या, गेली. 0.28 च्या, तीही सहज गेली. "ताई, तिन्ही एकच आहेत. गॅसचे. आकडे नुसते ठोकलेत." मोठ्या भोकातून रॉकेलची वाफ गरजेपेक्षा जास्त सुटते, तिला हवा पुरत नाही, म्हणून तो भडका आणि ती काजळी. बाटलीच्या बुडाला त्यांनी अंगठ्याने दाबलं तर पत्रा आत गेला. इंधनाची खरी बाटली जाड आणि अखंड असते, कुठवर भरायची त्याची खूण असते, कारण वर हवेला जागा लागते. ही पाण्याची बाटली होती, वरून लाल रंग दिलेली. पंपातल्या रबरी रिंगा रॉकेलमध्ये फुगून मऊ पडल्या होत्या. हल्लीच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमध्ये त्या टिकल्या असत्या असं मला वाटत नाही.

काकांकडची तार प्रत्येकाकडे नसते, पण गिटारच्या तारा वाद्यांच्या कुठल्याही दुकानात सुट्या मिळतात. 11 नंबरची साधी तार 0.28 मिलिमीटरची असते आणि 17 नंबरची 0.43 ची. रॉकेलच्या जेटमधून 17 नंबरची तार आरपार गेली तर तो जेट रॉकेलचा नाही. पेटवायच्या आधी हे एवढं करा, तीस-चाळीस रुपयांचं काम आहे.

तक्रारीचं थोडक्यात सांगते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर नोंद केली, क्रमांक मिळाला, पण विक्रेत्याचा पत्ताच नसल्याने गाडी तिथेच अडली. पार्सलवरचा पत्ता एका गोदामाचा होता, मी पाठवलेली नोटीस परत आली. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे ऑनलाइन विकणाऱ्याने आपलं नाव, पत्ता आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव दाखवणं बंधनकारक आहे. हे मला आधी माहीत असतं तर त्या पानावर पत्ता नाही एवढ्यावरच मी मागे फिरले असते. यूपीआयने गेलेल्या पैशांसाठी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला तो तेवीस दिवसांनी. पैसे जाताच पहिल्या काही तासांत फोन केला तर पुढच्या खात्यात ते गोठवता येण्याची आशा असते. माझे केव्हाच पुढे गेले होते. तुमच्याकडे विक्रेत्याचा खरा पत्ता असेल तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जा, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारासाठी तिथे शुल्क लागत नाही.

स्वस्त स्टोव्ह घेऊच नये असं मी म्हणत नाही. पाच-सहा हजारांत प्रामाणिकपणे चालणारे चिनी मल्टिफ्युएल मी नंतर पेटवून पाहिले आहेत. जरा जड असतात, आवाज करतात, पण चालतात. विक्रेत्याकडे एकच गोष्ट मागा. थंड स्टोव्ह, एकही कट नसलेला व्हिडिओ. बाटलीत रॉकेल ओतण्यापासून, नळी बाटलीपासून बर्नरपर्यंत पूर्ण दिसेल असा, बर्नर तापवताना आणि पिवळ्याची निळी ज्योत होताना. तीन-चार मिनिटांचा होईल. ज्याचा माल खरा आहे त्याला हे करायला जड जात नाही. मला नंतर भेटलेल्या एका दुकानदाराने तर समोरच पेटवून दाखवला, काकड्यासाठी कापूससुद्धा त्याच्याकडे होता. सुटे जेट, वॉशर आणि पंपाच्या रिंगा वेगळ्या मिळतात का तेही विचारा. चौथ्या दिवशी खिंडीखाली रिंग तुटली आणि दुसरी नसली तर स्टोव्ह म्हणजे पाठीवरचं अर्धा किलो ओझं. आणि तुमचे ट्रेक सह्याद्रीतलेच असतील तर मल्टिफ्युएलच्या मागे लागूच नका. चांगला छोटा गॅस बर्नर घ्या, उरलेल्या पैशांत चांगली स्लीपिंग बॅग येईल.

परांग ला आम्ही केला, एका मित्राचा जुना स्टोव्ह उसना घेऊन. खिंडीखालच्या मुक्कामी पहाटे सगळं गोठलेलं असताना मी त्याच्या मानेभोवती स्पिरिटमध्ये भिजवलेला कापूस गुंडाळला, पेटवला आणि आईने सांगितल्याप्रमाणे मनात शंभर आकडे मोजले. मग चावी उघडली.

ग्रुपवर ती जाहिरात टाकणाऱ्याला मी लगेच फोन केला. 500 रुपये त्याने आदल्या रात्रीच भरले होते, पार्सल गुरुवारी यायचं होतं. त्याला चौदावा सेकंद बघायला सांगितलं. फोनवर तो थोडा वेळ काहीच बोलला नाही, मग म्हणाला, "पिवळी नळी." गुरुवारी त्याने पार्सल दारातूनच परत पाठवलं.