आयवायर म्युझियम : दृष्टिपटलातील पेशींचे डिजिटल दालन

उंदराच्या दृष्टिपटलाच्या एका लहानशा तुकड्यातील ३९६ गँग्लियन पेशी त्रिमितीय रूपात दाखवणारे आयवायर म्युझियम हे संकेतस्थळ २०१८ मध्ये ‘सेल’ या नियतकालिकातील शोधनिबंधासोबत अभ्यासकांसाठी खुले झाले. डोळ्याकडून मेंदूकडे जाणारा प्रत्येक संदेश याच जातीच्या पेशींमधून जातो आणि येथे त्यांचे ४७ प्रकार वेगळे केलेले आहेत. या पेशींच्या शाखांचा माग काढण्यात आयवायर या ऑनलाइन खेळात सहभागी झालेल्या असंख्य सामान्य लोकांचा वाटा आहे, हे मला विशेष मोलाचे वाटते.

संग्रहाचे खरे सामर्थ्य असे, की पेशीचा आकार आणि तिचे वर्तन दोन्ही एकाच पेशीतून नोंदवलेले आहे. ऊतक जिवंत असताना त्याच्यासमोर आठ दिशांनी सरकणाऱ्या प्रकाशपट्ट्या दाखवून पेशी सक्रिय होताना तिच्यात होणाऱ्या कॅल्शियमच्या चढउतारांवरून प्रतिसाद टिपले गेले आणि नंतर त्याच ऊतकाचे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली थरांमागून थर चित्रण झाले. त्यामुळे ‘३७’ या आकड्याने सुरू होणारे चार प्रकार एकापाठोपाठ उघडावेत, असे मी आवर्जून सुचवीन. चौघांच्याही शाखा दोन थरांत पसरतात, चौघेही प्रकाश वाढल्यावर आणि घटल्यावर प्रतिसाद देतात. तरी प्रत्येकाची पसंतीची दिशा, म्हणजे ज्या दिशेने सरकणाऱ्या प्रकाशाला तो सर्वाधिक प्रतिसाद देतो ती, निराळी असते. केवळ आकार पाहून हा भेद ओळखणे फार कठीण, प्रतिसादाचा आलेख समोर आला की तो तत्काळ उमगतो.

हा भेद का निर्माण होतो, याचे उत्तर मात्र वाचकाने सोबत आणावे लागते. बार्लो आणि हिल या संशोधकांनी १९६३ मध्ये सशाच्या दृष्टिपटलात दिशा ओळखणाऱ्या पेशी दाखवल्या. त्यामागची यंत्रणा स्टारबर्स्ट अॅमाक्राइन पेशींमध्ये, म्हणजे गँग्लियन पेशींना जोडलेल्या दृष्टिपटलातीलच मध्यस्थ चेतापेशींमध्ये, आहे, हे उलगडायला पुढची चार दशके लागली. या पेशीची प्रत्येक शाखा केंद्राकडून टोकाकडे सरकणाऱ्या प्रकाशाला अधिक प्रतिसाद देते आणि ज्या गँग्लियन पेशीची पसंती नेमकी उलट दिशेला असते, तिच्याशीच प्रामुख्याने जोडली जाऊन तिला दडपते. हा जोडणीचा नियम २०११ मध्ये याच ऊतकातून सिद्ध झाला होता, म्हणून तो पेशींच्या चित्रांशेजारी ठळकपणे मांडायला हवा, असे माझे ठाम मत आहे.

चेताविज्ञानाच्या विद्यार्थ्याला हे दालन मी निःसंकोच सुचवीन. नवख्या वाचकाला आकडे आणि अक्षरे जोडून केलेली प्रकारांची नावे सुरुवातीला जड जातील. शिवाय ऊतकाचा तुकडा एका मिलिमीटरहूनही बराच लहान असल्यामुळे मोठा विस्तार असलेल्या पेशींच्या शाखा कडेला तुटलेल्या आहेत. त्यांच्या आकारमानाची तुलना करताना मध्यभागातील पेशीच निवडाव्यात.