क्वांटलिब एक्सेलमध्ये आणायचं, पण कोणत्या वाटेनं?

बँकेची ट्रेझरी असो की म्युच्युअल फंडाचं बॅक ऑफिस, रोख्यांचा हिशोब शेवटी एक्सेलमध्येच उतरतो. साध्या सरकारी रोख्याला एक्सेलचे प्राइस आणि यील्ड हे फॉर्म्युले पुरतात. पण यील्ड कर्व्ह (मुदतीनुसार व्याजदरांचा आलेख) बांधायचा, स्वॅपची (व्याजाच्या अदलाबदलीच्या कराराची) किंमत काढायची किंवा कॉल ऑप्शन असलेला, म्हणजे मुदतीआधी परत घेता येणारा, रोखा मोजायचा, की क्वांटलिबची गरज भासते. वित्तीय मूल्यांकनाच्या तयार फंक्शनची ही सी++ मधली लायब्ररी २००० सालापासून वाढत आली आहे. कोड खुला, परवाना बीएसडी, कार्यालयीन वापराला मोकळीक. अडतं ते ती शीटपर्यंत पोचवण्यात.

चार वाटा आहेत. मी चारही वापरून पाहिल्या आहेत, आणि माझं मत सुरुवातीलाच सांगतो: कुठल्या वाटेत किती फंक्शन मिळतात यावर ठरवू नका. दोन वर्षांनी ती शीट कोण सांभाळणार, यावर ठरवा.

क्वांटलिबएक्सएल हे खास याच कामासाठी बनलेलं, एक्सेलला जादा फंक्शन देणारं जुनं अ‍ॅड-इन. पायथन शिकावं लागत नाही, सगळं सेलमध्येच लिहायचं. त्याची एक गोष्ट मला आजही आवडते. सेलमध्ये कर्व्ह तयार केला की तिथे त्याचं नाव दिसतं आणि पुढे # लावून एक आकडा. दर बदलला, कर्व्ह नव्यानं बांधला गेला, की तो आकडा एकानं वाढतो. सेलमधला मजकूर बदलल्यामुळे त्यावर अवलंबून असलेले पुढचे सगळे सेल आपोआप पुन्हा मोजले जातात. एक्सेलला वस्तू कळत नाहीत, फक्त आकडे आणि मजकूर कळतो. त्यावर काढलेला हा फार विचारपूर्वक उपाय आहे. पण तयार आवृत्त्या मूळ लायब्ररीच्या बऱ्याच मागे राहिल्या आहेत आणि स्वतः बिल्ड करणं कष्टाचं आहे. तुमच्याकडे आधीपासून चालू असेल तर राहू द्या. नव्यानं सुरू करणाऱ्याला मी ही वाट सुचवणार नाही.

खरी निवड पायथनच्या दोन वाटांमध्ये आहे. क्वांटलिबचं पायथन पॅकेज पिप या पायथनच्या इन्स्टॉलरनं मिनिटभरात बसतं, तेव्हा तो भाग दोन्हीकडे सारखाच. फरक आहे तो एक्सेलशी बोलण्यात. एक्सेलविंग्ज खुलं आणि फुकट आहे, पण त्यात पायथन वेगळी प्रोसेस, म्हणजे एक्सेलबाहेरचा स्वतंत्र प्रोग्रॅम, म्हणून चालतं आणि प्रत्येक सेलची हाक बाहेर जाऊन परत येते. पाचशे रोख्यांसाठी पाचशे सेलमध्ये फंक्शन ओढलंत तर शीट रखडते. तेच एका फंक्शनला पाचशे ओळींची रेंज एकदम दिली की काम झटपट होतं. शीटची रचना सुरुवातीपासून तशीच ठेवा. मॅकवर सेलमधली ही फंक्शन चालत नाहीत, हेही ध्यानात असू द्या.

पायएक्सएलएल एक्सेलच्या पोटातच पायथन चालवतं. त्यामुळे सेलगणिक हाक स्वस्त पडते, आणि कर्व्हसारखी वस्तू सेलमध्ये ठेवून पुढच्या सेलला देता येते. पण ते विकत घ्यावं लागतं आणि फक्त विंडोजवर चालतं. डीलर दिवसभर शीट उघडी ठेवून दर बदलत बसणार असेल तर पैसे वसूल होतात. दिवसाअखेरीस एकदाच मूल्यांकन चालवायचं असेल तर एक्सेलविंग्ज पुरेसं आहे.

चौथी वाट एक्सेल-डीएनए, म्हणजे सी# मधून. तेही खुलं आणि फुकट. वीस जणांच्या संगणकांवर पायथन बसवायला आयटी विभाग तयार नसेल, तर ही वाट सोयीची, कारण वापरणाऱ्याला अ‍ॅड-इनची फाइल आणि सोबतची डीएलएल (लायब्ररीची तयार फाइल) एवढंच द्यावं लागतं. मात्र क्वांटलिबचा सी# जोड स्विगमधून, म्हणजे सी++ कोड दुसऱ्या भाषांना जोडून देणाऱ्या साधनातून, तयार करून घ्यावा लागतो आणि तो ३२ बिटचा की ६४, हे एक्सेलशी जुळावं लागतं. सी# जाणणारा माणूस हाताशी नसेल तर या वाटेला जाऊ नका.

वाट कोणतीही घ्या, एक खड्डा सगळीकडे आहे. क्वांटलिबची मूल्यांकनाची तारीख त्या प्रोसेसपुरती एकच असते. माझ्या एका शीटनं ती मार्चअखेरची केली होती. शेजारी उघडलेल्या दुसऱ्या शीटचं पायथन तेच, त्यामुळे तिचेही सगळे भाव मार्चअखेरचे आले. आकडे पटण्यासारखे होते, म्हणून दुपारपर्यंत कळलंच नाही. तेव्हापासून माझ्या प्रत्येक फंक्शनला तारीख हा पहिला आर्ग्युमेंट असतो आणि फंक्शनची पहिली ओळ ती तारीख लावते. एक्सेलचा तारखेचा क्रमांक क्वांटलिबला तसाच चालतो: ४५२९२ म्हणजे दोघांच्याही लेखी १ जानेवारी २०२४. रूपांतराची कटकट नाही.

जोडणी झाली की आधी एकच रोखा तपासा. ७.१८ टक्के सरकारी रोखा २०३३ घ्या, कूपन, म्हणजे व्याजाचा हप्ता, १४ फेब्रुवारी आणि १४ ऑगस्टला. सेटलमेंट, म्हणजे व्यवहार पुरा होण्याचा दिवस, १ जानेवारी २०२४ धरा. आपल्याकडे सरकारी रोख्यांना ३०/३६० ची पद्धत (महिना ३० दिवसांचा, वर्ष ३६० दिवसांचं), म्हणजे १४ ऑगस्टपासून १३७ दिवस आणि शंभर रुपयांमागे २.७३२४ रुपये साचलेलं व्याज. चुकून प्रत्यक्ष दिवस भागिले ३६५ लावलंत, जे ट्रेझरी बिलांना चालतं, तर १४० दिवस आणि २.७५४० रुपये येतात. पाच कोटींच्या व्यवहारात हा फरक सुमारे १०,८०० रुपयांचा आहे.

सुट्ट्यांचंही तसंच. क्वांटलिबमधलं भारताचं कॅलेंडर राष्ट्रीय शेअर बाजाराचं आहे, रोखे बाजाराचं नाही, आणि दिवाळी, ईद, होळी अशा फिरत्या सणांच्या तारखा त्यात ठरावीक वर्षांपुरत्याच भरलेल्या आहेत. मी शीटमध्ये सुट्ट्यांचा वेगळा टॅब ठेवतो आणि दर डिसेंबरात पुढच्या वर्षाची यादी त्यात भरतो. शीट उघडली की त्या तारखा कॅलेंडरमध्ये एकेक करून घातल्या जातात.