वीस ठशांचा लेदर स्टॅम्प सेट: सहा-सात महिने वापरल्यावर

चामड्यावर ठोकून नक्षी उमटवायचा हा वीस ठशांचा सेट मी गेल्या दिवाळीच्या आधी ऑनलाइन मागवला, १,६५० रुपयांना पडला, आणि आता सहा-सात महिने दर रविवारी वापरून झालाय म्हणून सविस्तर लिहितेय. हाच सेट चार-पाच वेगवेगळ्या नावांनी विकायला असतो, खोका वेगळा आणि आत माल तोच, त्यामुळे नाव सोडा, आत काय येतं ते बघून घ्या. मला वीस ठसे, एक प्लास्टिकची हातोडी आणि फिरत्या मुठीची सुरी म्हणजे स्विव्हल नाईफ असं आलं.

खोक्यावर फोटो आहे तो गोल गोल फिरणाऱ्या वेलींचा आणि फुलांचा. ही शेरिडन स्टाइल, अमेरिकेतल्या वायोमिंगमधल्या शेरिडन गावावरून नाव पडलं, तिथे डॉन किंग नावाच्या खोगीर कारागिरानं ती नावारूपाला आणली. ती मूळची घोड्याच्या खोगिरावरची नक्षी, म्हणजे वेल फिरायला भरपूर जागा असते. आपण सुरुवातीला करतो काय, तर कार्ड होल्डर, साधारण १० बाय ७ सेंटीमीटर, त्यात चारी बाजूंनी ४ मिलिमीटर शिलाईला सोडले की हातात राहतं ९ बाय ६ च्या आसपास, एवढ्यात ती वेल कोंबली की फुलं एकमेकांवर चढतात आणि लांबून नुसता डाग दिसतो. मी पहिले दोन तुकडे असेच घालवले. त्यामुळे फोटो बघून सेट घेणार असाल तर आधी ठरवा की तुम्ही बनवणार काय आहात, नक्षी त्यानंतर निवडायची.

वीसपैकी मी खरंच वापरते ते सात. दांड्यावर अक्षर आणि नंबर असतो, बऱ्याच ठशांवर ही पद्धत सारखीच असते: बी म्हणजे बेव्हलर, सुरीनं कापलेल्या रेघेची एक बाजू दाबून दुसरी उठवायला, ए म्हणजे नक्षीमागची जमीन दाबायला, पी म्हणजे पाकळीला खोली द्यायला, व्ही म्हणजे पानाच्या शिरा, एस म्हणजे बारीक गोल दाणे, एक्स म्हणजे टोपलीची वीण आणि असले भौमितिक ठसे. सुरुवात करणाऱ्याला बी, एस आणि एक साधा किनारीचा ठसा पुरतो, एवढं मला आधी कोणी सांगायला हवं होतं.

आता लेदर, कारण यावरच सगळ्यात जास्त पैसे वाया जातात. बाजारात पर्सचं म्हणून जे मऊ लेदर मिळतं ते बहुतेक क्रोम टॅन म्हणजे क्रोमियमच्या क्षारात कमावलेलं असतं, त्यावर कितीही ठोका, ठसा दिसतो आणि मग हळूहळू भरून येतो. व्हेज टॅनच लागतं, म्हणजे झाडपाल्यात कमावलेलं. आपल्याकडे कोल्हापुरी चपलेचं चामडं बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावतात ते हेच. मी कोल्हापुरात चप्पल लाइनला, म्हणजे चपलांच्या बाजारात जाऊन तुकडे आणले, ऑनलाइनपेक्षा स्वस्त पडले आणि हात लावून बघता आलं हे महत्त्वाचं. वॉलेटला दीड मिलिमीटरच्या आसपास जाडी लागते, पट्ट्याला साडेतीन. एक मिलिमीटरवर खोल ठसा मारायला जाऊ नका, मागून फुगतं.

ओलावा हा दुसरा भाग. स्पंजानं पाणी लावायचं आणि थांबायचं, चामड्याचा रंग जवळजवळ पहिल्यासारखा दिसायला लागला पण गालाला लावलं की गार लागतं, तेव्हा ठोकायचं. जास्त ओलं असेल तर ठसा चिखलात उमटल्यासारखा येतो, कडा राहत नाही. कोरडं असेल तर उथळ येतो. मी रात्री ओलं करून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवते, सकाळी सगळीकडे सारखा ओलावा असतो. आणि ओल्या चामड्यावर लोखंडी पट्टी विसरून ठेवू नका प्लीज, निळे-काळे डाग पडतात, हिरड्यातलं टॅनिन म्हणजे तुरट द्रव्य आणि लोखंड मिळून शाईच होते ती, जुन्या काळी हिरड्याची काळी शाई याच तत्त्वावर करायचे. फिकट डागावर लिंबू चालतं, गडद बसला तर तो तुकडा आतल्या बाजूला वापरायचा.

चप्पल लाइनच्या त्याच फेरीत एका दुकानात चपलेचे पट्टे शिवणाऱ्या मामांना मी माझं अर्धवट झालेलं वॉलेट दाखवलं, घडीवरून आडवी वेल गेली होती. त्यांनी ते दोनदा उघडझाप करून बघितलं आणि म्हणाले, "वाकतंय तिथं नक्षी करू नगा ताई, चिरतंय मागनं." मग स्वतःच्या हातातली चप्पल दाखवली. अंगठ्यावर, पट्ट्यावर वेणी होती, कानाच्या, म्हणजे बाजूच्या पाकळीच्या, कडेला भोकांची रांग होती, तळवा सपाट. मी इतकी वर्षं कोल्हापुरी घालते आणि ही गोष्ट कधी नीट बघितलीच नव्हती, की नक्षी कुठे आहे त्याच्याइतकंच कुठे नाही हेही ठरवलेलं असतं. वेणी घालतात ती बायका घरी बसून, हेही त्यांनीच सांगितलं, आणि प्रत्येकीच्या हाताचा ताण वेगळा म्हणून जोडीतल्या दोन्ही वेण्या एकाच हातच्या लागतात. त्या दिवसापासून मी आधी कागदावर वस्तू कापते, घडी घालते, घडीच्या दोन्ही बाजूंना एक-एक सेंटीमीटर आखून ती जागा कोरी सोडते, शिलाईची जागा सोडते, उरलेल्या तुकड्यात काय बसेल ते बघते. फार कमी उरतं. पण जे बसतं ते टिकतं.

आपल्याकडच्या डिझाइनबद्दल लिहायचंच आहे. या सेटबरोबर जो नक्ष्यांचा कागद येतो त्यात गुलाब, ओकची पानं, गरुड. चांगले आहेत, पण मला घरच्या वस्तूवर ते नको होतं. मग मी ठिपक्यांची रांगोळी करून बघितली, ७ बाय ७ ठिपके, ठिपक्याला एसचा दाणा आणि ठिपके जोडायला सुरीची रेघ, आणि हे या सेटवरचं सगळ्यात देखणं काम झालं, कारण ठिपके आखून घेतले की अंतर चुकत नाही आणि चौकोनी तुकड्यात नक्षी आपोआप बसते. पैठणीचा मोरही केला, पण मोराच्या पिसाऱ्यातली बारीक डिटेल्स ९ सेंटीमीटरच्या तुकड्यात धरायला या ठशांची टोकं जाड आहेत, मोर मोठ्या बॅगेच्या झाकणावरच करावा. शांतिनिकेतनच्या लेदर पर्स बघितल्या असतील तर त्यात उठाव कमी आणि रंगाचं काम जास्त असतं, बाटिकसारख्या तडा गेलेल्या रेघा, तसं ठसे नसतानाही करता येतं, ज्यांना ठोकठोक नको (फ्लॅटमध्ये खालचे लोक वैतागतात, हा खरा प्रश्न आहे) त्यांनी तिकडे बघावं.

देवनागरी हा माझा आवडता विषय. अक्षरांचे ठसे शोधले तर बहुतेक इंग्रजीच मिळतात, आणि देवनागरी सुटे ठसे मिळाले तरी शिरोरेषा जुळत नाही, दोन अक्षरांत फट दिसते. सुरीनं कापणं हाच उपाय. भाऊबीजेला भावासाठी किल्ल्यांचं कीचेन केलं, त्यावर "भाऊ". आधी मी सलग शिरोरेषा मारली आणि मग लक्षात आलं की भ ला डोक्यावर रेघ तुटते, ध आणि थ लाही तसंच, नाहीतर भ चा म दिसतो. दुसऱ्या तुकड्यावर आधी अक्षरं काढली, शिरोरेषा शेवटी. अनुस्वाराला एसचा दाणा अगदी फिट बसतो. अक्षराची उंची १२ मिलिमीटरच्या खाली नेऊ नका, पोकळ्या बुजतात.

आता सेटचे दोष. टोपलीच्या विणीचा ठसा खराब आहे, त्याची एक बाजू दुसरीपेक्षा किंचित जाड, एकदा मारला तर कळत नाही पण चार ओळी झाल्या की सगळी वीण तिरकी जाते, मी आखलेल्या रेघेवरून सुरू करून तीन वेळा करून बघितलं, ठशातच खोट आहे. विक्रेत्याला फोटो पाठवले, उत्तर आलं की परतीची मुदत संपली. दुसरं, दोन ठशांवरचा चकचकीत मुलामा सुटायला लागलाय आणि तो खरखरीतपणा चामड्यावर उमटतो. सुरीचं पातं आलं तेव्हाच बोथट होतं, पुठ्ठ्यावर पॉलिश पेस्ट लावून घासल्यावर कापायला लागली. हातोडी हलकी आहे, मी ती सोडून दिली आणि लाकडी घेतली. खाली किचनच्या ओट्याचा उरलेला ग्रॅनाइटचा तुकडा ठेवते, टेबलावर थेट ठोकलं तर अर्धा जोर टेबल खातं.

बी, एस आणि किनारीचे ठसे मात्र खरंच चांगले निघाले, कडा स्वच्छ येते, सहा महिन्यांत काही झिजलेलं नाही. दुकानात हे सुटे मिळत असतील तर सुटेच घ्या, पूर्ण सेट घेऊ नका. मी टोपलीचा ठसा नंतर ५५० ला वेगळा स्टीलचा घेतला आणि त्यानं सध्या बाबांचा पट्टा चालूय, बक्कलच्या बाजूला चार इंच आणि भोकांच्या बाजूला सहा इंच कोरं सोडून.