सरकी ढेप घ्यायची का शेंगदाण्याची?

भाचा नागपूरच्या कळमना बाजारातून फोन करून विचारत होता, मामा कोणती ढेप (तेल काढल्यावर उरलेला चोथा, जनावरांचा खुराक) उचलू? पोत्यावर काय छापलंय ते सोड बे. सरकी स्वस्त, पण प्रोटीन 22-23 टक्केच, शेंगदाण्यात 40 च्या वर. सरकीत गॉसिपॉल असते, कपाशीचं स्वतःचं विष, मोठ्या गाई-म्हशीच्या पोटात ते बऱ्यापैकी बांधलं जाऊन निकामी होते म्हणून चालून जाते, पण वासराचं पोट तयार नसते, हृदयावर येते, अन् कोंबड्यांना दिली तर अंड्याचा बलक हिरवट पडतो. शेंगदाण्यात हे नाही, पण पावसाळ्यात बुरशी लागली की अफलाटॉक्सिन, म्हणजे बुरशीचं विष, ते दुधातही उतरते. (बुरशी सरकीलाही लागतेच म्हणा.) दुधाळ म्हशीले सरकी, मापात. वासरं-कोंबड्यांसाठी शेंगदाणाच, ताजी अन् कोरडी.