जुनी छोटी गाडी खुलवायची, तर पहिला पैसा कुठे घालायचा?

दहा-बारा वर्षांची ऑल्टो, वॅगन आर किंवा आय-टेन. इंजिन ठणठणीत, पण गाडी मरगळलेली दिसते, आणि खर्चाची तयारी आठ-दहा हजारांपर्यंतच. ॲक्सेसरीजच्या दुकानात गेलात की आधी स्पॉइलर आणि क्रोमच्या पट्ट्या पुढे येतात. मी त्यांना सर्वांत शेवटी ठेवीन. गाडी जुनी दिसते ती पिवळ्या हेडलाइटमुळे, करड्या पडलेल्या काळ्या प्लास्टिकमुळे आणि चाकांच्या गंजक्या डिस्कमुळे. या गोष्टी तशाच ठेवून वर क्रोम लावलं, की जुनेपण जास्तच डोळ्यांत भरतं.

हेडलाइटला पहिला मान. या काचा खरं तर पॉलिकार्बोनेटच्या असतात आणि उन्हातल्या अतिनील किरणांनी त्यांचा वरचा थर मरतो. बडोद्यात दांडिया बाजार, रावपुऱ्यासारख्या जुन्या वस्तीत गाडी रस्त्यावरच उभी राहते, त्यामुळे हे लवकर होतं. घासून पॉलिश करणं नवी जोडी बसवण्यापेक्षा खूप स्वस्त पडतं आणि बहुतेक गाड्यांना तेवढं पुरतं. मात्र 800 पासून 2000-3000 नंबरपर्यंतच्या पाणपेपरने घासून झाल्यावर वर यूव्ही कोट (अतिनील किरण अडवणारा थर) मारतात का, हे आधी विचारा. तो नसेल तर काही महिन्यांत काच पुन्हा पिवळी. टूथपेस्टचा उपाय तर त्याहूनही कमी टिकतो. काचेला आतून तडे असतील किंवा रिफ्लेक्टर काळवंडला असेल, तरच नवी जोडी घ्या. हा एकच खर्च असा आहे की त्याने रात्री रस्ताही नीट दिसतो.

रंगाचं गणित जरा नाजूक. रंग नुसता निस्तेज असेल तर रबिंग-पॉलिशने छान उजळतो. पण प्रत्येक रबिंगमध्ये क्लिअर कोटचा, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक लेपाचा, थोडा थर जातो, म्हणून दर दिवाळीला रबिंग नको; एरवी वॅक्स पुरे. छतावर आणि बॉनेटवर पांढरट पापुद्रे सुटले असतील, तर क्लिअर कोट संपला. तिथे पॉलिश वाया. मग प्रश्न येतो, छताला काळा रॅप (चिकटवायची विनाइल फिल्म) की पेंट? रॅप स्वस्त आणि एका दिवसात होणारा, पण सुटणाऱ्या पापुद्र्यावर विनाइल धरत नाही, फुगे येतात. पृष्ठभाग घासून नीट करायचाच आहे, तर मी छत मूळ रंगातच पेंट करून घेईन. अख्ख्या गाडीचा रंग बदलायचा विचार असेल, तर आरसी बुकातही तो बदलून घ्यावा लागतो.

गाडी ऑगस्ट 2024 मध्ये बडोद्यात विश्वामित्री नदीच्या पुरात उभी होती का? मग यातलं काहीही करण्याआधी कार्पेट उचलून फ्लोअर आणि दारांच्या खालच्या कडा बघा. गंज आत असेल तर वरचा रंग वर्षभरात फुगतो.

चाकांच्या बाबतीत अलॉयचा मोह मी समजू शकतो, चार अलॉयने गाडीचा चेहराच बदलतो. पण नवा संच पूर्ण बजेट खाऊन वर उरतो. जुने घेतले तर वाकलेले निघू शकतात, शिवाय पीसीडी (चाकाच्या नटांच्या छिद्रांच्या वर्तुळाचा व्यास) 100 मिमी की 114.3 मिमी हे जुळवावं लागतं. स्टीलच्या डिस्क घासून सिल्व्हर किंवा काळा रंग मारून घ्या, हवं तर वर व्हील कॅप बसवा. कॅप केबल टायने बांधाच, नाहीतर स्पीडब्रेकरवर एखादी निसटते आणि तीन चाकांची एक तऱ्हा, चौथ्याची दुसरी.

बाहेरच्या काळ्या प्लास्टिकला ट्रिम रिस्टोअरर (काळेपणा परत आणणारा लेप) लावा. तिथे डॅशबोर्ड पॉलिश लावलं, तर ते पहिल्याच पावसात उतरतं.

सीट कव्हर घेताना रेक्झिन आणि कापड यांत मी कापडाला मत देईन. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीचं रेक्झिन पाठीला चटके देतं. ज्यांच्या गाडीत लहान मुलं सांडलवंड करतात, त्यांनी मात्र पुसता येतं म्हणून रेक्झिनच घ्यावं.

काचांवरची काळी फिल्म आणि बंपरपुढचा बुलगार्ड दोन्ही यादीतून काढा. फिल्मवर 2012 साली सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली, बुलगार्डवर 2017 साली केंद्राने.

पेंटचं काम पावसाळ्यात देऊ नका, दमट हवेत ताजा रंग धुरकट पडतो. नवरात्रानंतर द्या, पण दिवाळी आठवड्यावर आली असेल तर तेव्हाही नको; घाईत लांबी (पुट्टी) नीट सुकू न देताच वर रंग मारतात.